लोकसंख्याबदल व राजकारण, भारतातील

लोकसंख्येचे आकारमान, तिचे प्रादेशिक वितरण, धर्म, भाषा, जात इत्यादींनुसार असलेली तिची घडण व स्थलांतर यांत होणारे बदल आणि राज्यसत्तेची रचना व धोरणे यांच्यातील परस्परसंबंध हा लोकसंख्याशास्त्र व राज्यशास्त्र या दोहोंच्या सीमेवरील अभ्यासविषय होय. हा संबंध दुपदरी आहे. लोकसंख्येत बदल झाला, की प्रतिनिधित्व, महसुलाची वाटणी, राखीव जागा यांचे मान बदलते व सत्तेचा तोल ढळतो. उलटपक्षी विवाहाचे वय, कुटुंबनियोजन, नागरिकत्व व स्थलांतर यांविषयी शासन जे निर्णय घेते, त्यांमुळे लोकसंख्येची वाढ व घडण पालटते. जन्म, मृत्यू व स्थलांतर या घटना खासगी स्वरूपाच्या असल्या, तरी त्यांची मोजदाद ही शासकीय कृती असते. म्हणून जनगणना हा या दोहोंमधील दुवा ठरतो. कोणाला मोजावयाचे, कोणत्या वर्गात मोजावयाचे आणि त्या मोजणीचा उपयोग कशासाठी करावयाचा, हे तिन्ही प्रश्न मुळात राजकीय आहेत.

पाश्चात्त्य देशांत या प्रश्नांना प्रतिनिधिक शासनाच्या उदयाबरोबर महत्त्व आले. इंग्लंडमध्ये ओल्ड सेरमसारखे जवळजवळ ओस पडलेले गाव पार्लमेंटवर दोन सभासद पाठवीत असे. मात्र औद्योगिक क्रांतीने फुगलेल्या मँचेस्टरला स्वतंत्र प्रतिनिधी नव्हता. ही विसंगती १८३२ च्या सुधारणा कायद्याने अंशतः दूर झाली. अमेरिकेच्या संविधानाने दर दहा वर्षांनी जनगणना करून तदनुसार प्रतिनिधिगृहातील जागांची वाटणी करण्याचे बंधन घातले. परंतु १९२० च्या जनगणनेत नागरी लोकसंख्या ग्रामीण लोकसंख्येहून अधिक भरल्याचे प्रथमच दिसून आले, तेव्हा काँग्रेसने त्या संपूर्ण दशकात जागांची फेरवाटणी केलीच नाही. लेबाननमध्ये १९३२ च्या जनगणनेवर आधारून ख्रिस्ती व मुसलमान यांच्यात ६ : ५ या प्रमाणात सत्तावाटप ठरले, त्यानंतर तेथे अधिकृत जनगणनाच झालेली नाही. लोकसंख्येने सत्तेला धक्का पोहोचण्याचा संभव निर्माण झाला, की मोजणी वा तिचा परिणाम पुढे ढकलण्याकडे राज्यकर्त्यांचा कल होतो, हे या उदाहरणांवरून दिसते. भारताचा अनुभव याहून अधिक गुंतागुंतीचा आहे.

ब्रिटिश अमदानी : भारतातील पहिली देशव्यापी शिरगणती १८७२ मध्ये पूर्ण झाली आणि १८८१ पासून सर्वत्र एकाच वेळी घ्यावयाच्या दशवार्षिक जनगणनेची परंपरा सुरू झाली. प्रशासनाच्या सोयीसाठी प्रजेचे धर्म, जात व भाषा यांनुसार वर्गीकरण करण्यात आले. तथापि वर्गीकरणाच्या या चौकटीतूनच पुढे समाज स्वतःकडे पाहू लागला. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिझली यांनी जातींची सामाजिक प्रतिष्ठेनुसार क्रमवारी लावण्याचा प्रयत्न केला, तेव्हा आपले स्थान वरचे ठरविण्यासाठी जातिसभांनी सरकारकडे असंख्य अर्ज केले.

१९०६ मध्ये आगाखान यांच्या नेतृत्वाखालील शिष्टमंडळाने सिमला येथे व्हाइसरॉयची भेट घेऊन मुसलमानांना स्वतंत्र प्रतिनिधित्व देण्याची मागणी केली व ती १९०९ च्या कायद्याने मान्य झाली. विधिमंडळातील जागा धार्मिक समूहांना मिळू लागल्यामुळे शिरगणतीतील प्रत्येक आकड्याला राजकीय किंमत आली. त्याच वर्षी बंगालमध्ये यू. एन. मुखर्जी यांनी जनगणनेच्या आकड्यांवरून हिंदू हा ऱ्हास पावणारा समाज असल्याचे प्रतिपादिले व संख्येच्या भीतीवर उभारलेल्या राजकारणाला सूत्र मिळाले. पाठोपाठ १९११ च्या जनगणनेच्या पूर्वतयारीत अस्पृश्यांची गणना हिंदूंत करावी किंवा कसे, हा प्रश्न उपस्थित झाला, तेव्हा तोवर त्यांच्याकडे पाठ फिरविणाऱ्या अनेकांना त्यांच्या संख्येचे मोल उमगले. लखनौ करारात (१९१६) काँग्रेस व मुस्लिम लीग यांनी अल्पसंख्य प्रांतांत मुसलमानांना लोकसंख्येच्या प्रमाणाहून अधिक आणि पंजाब व बंगाल या बहुसंख्य प्रांतांत प्रमाणाहून कमी जागा देण्याचे ठरविले. संख्या व प्रतिनिधित्व यांच्यातील हे अंतर पुढील तीस वर्षे कलहाचे कारण झाले.

अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाच्या संदर्भात हाच प्रश्न निराळ्या स्वरूपात पुढे आला. त्यांची संख्या किती, हाच १९३२ मध्ये मताधिकार समितीपुढे वादाचा मुद्दा झाला. जातीय निवाड्याने त्यांना प्रांतिक विधिमंडळांत विभक्त मतदारसंघांतून ७१ जागा देऊ केल्या होत्या. महात्मा गांधींच्या येरवडा येथील उपोषणानंतर २४ सप्टेंबर १९३२ रोजी झालेल्या पुणे करारान्वये विभक्त मतदारसंघांऐवजी संयुक्त मतदारसंघ स्वीकारण्यात आले व राखीव जागा १४८ करण्यात आल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या दृष्टीने प्रश्न जागांच्या संख्येइतकाच त्या जागांवर कोणाच्या मतांनी निवड व्हावयाची याचाही होता.

लोकसंख्येच्या वाढीचा विचारही याच काळात राजकीय व्यासपीठावर आला. मुंबईत र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव मांडला. त्यामागे आंबेडकरांची प्रेरणा होती. ठराव फेटाळला गेला, परंतु स्त्रियांचे आरोग्य व गरिबांचे जीवनमान या भूमिकेवरून हा प्रश्न मांडणारे ते भारतातील आरंभीचे संसदीय प्रयत्न होत.

फाळणी : १९४१ ची जनगणना युद्धकाळात झाली व तिची कोष्टके त्रोटक स्वरूपात तयार करण्यात आली. पंजाब व बंगाल या प्रांतांत आपापल्या धर्माची संख्या फुगवून सांगण्याची चढाओढ लागल्याची नोंद आहे. असे असूनही १९४७ मध्ये रॅडक्लिफ आयोगाला सीमारेषा आखताना लगतच्या बहुसंख्य प्रदेशांची निश्चिती याच आकड्यांवरून करावी लागली. सु. सव्वा ते दीड कोटी लोकांनी सीमा ओलांडली व १९५१ च्या जनगणनेत भारतात सु. ७३ लाख विस्थापितांची नोंद झाली. येथे राजकीय निर्णयाने अल्पावधीत दोन्ही देशांच्या सीमावर्ती प्रांतांची लोकसंख्या मुळापासून बदलून टाकली. कोष्टकांतील टक्केवारी माणसांच्या हयातीचा प्रश्न कशी होऊ शकते, याचे हे विसाव्या शतकातील एक दारुण उदाहरण आहे.

संविधान व परिसीमन : स्वतंत्र भारताच्या संविधानाने विभक्त मतदारसंघ रद्द केले, प्रौढ मताधिकार दिला आणि लोकसंख्या हा प्रतिनिधित्वाचा पाया मानला. अनुच्छेद ८१ नुसार राज्यांना लोकसभेतील जागा लोकसंख्येच्या प्रमाणात द्यावयाच्या असून अनुच्छेद ८२ नुसार प्रत्येक जनगणनेनंतर त्यांचे पुनःसमायोजन करावयाचे असते. अनुसूचित जाती व जमातींच्या राखीव जागाही त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणावर अवलंबून असतात. या कामासाठी १९५२, १९६३, १९७३ व २००२ या वर्षी परिसीमन आयोग नेमण्यात आले.

या व्यवस्थेतील ताण १९६१ च्या जनगणनेनंतर दिसू लागला. त्या वेळच्या फेरवाटणीत मद्रास राज्याच्या लोकसभेतील जागा ४१ वरून ३९ वर व आंध्र प्रदेशाच्या ४३ वरून ४१ वर आल्या. महाराष्ट्राच्या जागा मात्र ४४ च्या ४५ झाल्या व १९७१ च्या जनगणनेनंतर त्या ४८ झाल्या. मद्रास व आंध्र या राज्यांची लोकसंख्या घटली नव्हती. ती इतरांच्या मानाने मंद गतीने वाढली होती, एवढेच.

कुटुंबनियोजन व आणीबाणी : भारताने १९५२ मध्ये शासकीय कुटुंबनियोजन कार्यक्रम हाती घेतला. १९२१ पर्यंत लोकसंख्येची वाढ साथी व दुष्काळ यांमुळे खुंटलेली होती. १९११–२१ या दशकात ती किंचित घटलीही होती. मृत्युमान उतरू लागल्यावर वाढीचा वेग चढत गेला. १९५१ मधील ३६·१ कोटी लोकसंख्या १९७१ मध्ये ५४·८ कोटी झाली व १९६१–७१ या दशकातील वाढ २४·८ टक्के भरली. अन्नटंचाई व परकीय मदत यांच्या पार्श्वभूमीवर लक्ष्यांक, रोख मोबदला व शिबिरे यांवर भर देण्यात आला.

आणीबाणीत या कार्यक्रमाला सक्तीचे रूप आले. एप्रिल १९७६ मध्ये केंद्रीय आरोग्यमंत्री करणसिंग यांनी जाहीर केलेल्या राष्ट्रीय लोकसंख्या धोरणात विवाहाचे किमान वय वाढविणे, राज्यांच्या योजनांना मिळणाऱ्या केंद्रीय साहाय्यापैकी ८ टक्के भाग कुटुंबनियोजनातील कामगिरीशी निगडित करणे आणि सक्तीच्या नसबंदीचे कायदे करण्यास राज्यांना मोकळीक देणे, या तरतुदी होत्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक संमत केले. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. उत्तर भारतात मात्र कायद्यावाचूनच सक्ती झाली. शिक्षकांचे पगार, शिधापत्रिका, परवाने व कर्जे नसबंदीच्या प्रमाणपत्रांशी जोडण्यात आली. हरियाणातील उत्तावर या गावाला पोलिसांनी वेढा घालून पुरुषांना शस्त्रक्रियेसाठी नेले. १९७६-७७ या एका वर्षात सु. ८२·६ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. शहा आयोगाने पुढे अशा शस्त्रक्रियांनंतर झालेल्या १,७७४ मृत्यूंची नोंद केली. या सक्तीची झळ मुख्यत्वे भूमिहीन, दलित, मुसलमान व शहरी झोपडपट्ट्यांतील रहिवासी यांना लागली. कारण सरकारी यंत्रणेला नकार देण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते.

ते साधन त्यांना मार्च १९७७ च्या निवडणुकीत मिळाले. काँग्रेसला उत्तर प्रदेशातील ८५ व बिहारमधील ५४ जागांपैकी एकही मिळाली नाही. उलट सक्तीचा उपद्रव कमी झालेल्या आंध्र प्रदेशात तिने ४२ पैकी ४१ जागा जिंकल्या. पराभवास आणीबाणीतील दडपशाहीची इतरही कारणे होती. तथापि नसबंदी हे ग्रामीण मतदाराला थेट जाणवलेले कारण होते. १९७७-७८ मध्ये शस्त्रक्रियांची संख्या सु. साडेनऊ लाखांवर घसरली. कार्यक्रमाचे नाव बदलून ‘कुटुंबकल्याण’ करण्यात आले आणि पुरुषांच्या नसबंदीची जागा जवळजवळ सर्वस्वी स्त्रियांच्या शस्त्रक्रियेने घेतली. पुरुषांच्या मतांची धास्ती घेतलेल्या राजकारणाने कुटुंबनियोजनाचे ओझे अशा रीतीने स्त्रियांवर टाकले.

जागांचे गोठवण : १९७६ च्या धोरणाचा दुसरा भाग कमी गाजला, परंतु अधिक टिकला. जी राज्ये लोकसंख्येला आळा घालतील, त्यांच्या लोकसभेतील जागा कमी होतील व जी घालणार नाहीत त्यांच्या वाढतील, हा विरोधाभास टाळण्यासाठी ४२व्या घटनादुरुस्तीने (१९७६) राज्यनिहाय जागांसाठी २००० नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत १९७१ ची लोकसंख्याच आधारभूत धरण्याचे ठरविले. ८४व्या घटनादुरुस्तीने (२००१) ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढविली. राज्यांतर्गत मतदारसंघांच्या सीमा मात्र ८७व्या घटनादुरुस्तीनुसार (२००३) २००१ च्या जनगणनेवरून नव्याने आखण्यात आल्या व २००८ पासून अमलात आल्या. राष्ट्रपतीच्या निवडणुकीतील आमदारांच्या मतांचे मूल्यही १९७१ च्या लोकसंख्येवरूनच काढण्यात येऊ लागले. महाराष्ट्रातील आमदाराच्या मताचे मूल्य १७५ येते, ते यामुळेच.

दरम्यान राज्यांच्या वाढीत मोठी तफावत पडली. केरळ व तमिळनाडू या राज्यांतील जननदर इतरांच्या बराच आधी घटला. स्त्रीशिक्षण, बालमृत्यूंतील घट, आरोग्यसेवांचा प्रसार व विवाहाचे वाढते वय ही त्याची प्रमुख कारणे होत. १९७१ ते २०११ या काळात केरळची लोकसंख्या २·१३ कोटींवरून ३·३४ कोटी झाली. राजस्थानची २·५८ कोटींवरून ६·८५ कोटी. १९७१ मध्ये केरळ, तमिळनाडू, राजस्थान व महाराष्ट्र या चारही राज्यांत लोकसभेच्या एका जागेमागे सु. साडेदहा लाख लोक होते. २०११ मध्ये हेच प्रमाण केरळमध्ये सु. १६·७ लाख, तमिळनाडूत १८·५ लाख, महाराष्ट्रात २३·४ लाख, उत्तर प्रदेशात २५ लाख, बिहारमध्ये २६ लाख व राजस्थानात २७·४ लाख झाले. म्हणजे संसदेच्या तराजूत राजस्थानच्या नागरिकाचे वजन केरळच्या नागरिकाच्या सु. तीन पंचमांश उरले. ‘एक व्यक्ती, एक मूल्य’ या तत्त्वाला पडलेली ही मुरड संघराज्यातील समझोत्याची किंमत होती.

वित्तीय क्षेत्रात हाच प्रश्न महसूल वाटपाच्या रूपाने उद्भवला. दीर्घकाळ वित्त आयोगांनी १९७१ ची लोकसंख्या प्रमाण मानली. पंधराव्या वित्त आयोगाने २०११ ची लोकसंख्या स्वीकारली, तेव्हा दक्षिणेतील राज्यांनी हरकत घेतली. त्यावर उपाय म्हणून आयोगाने जननदर कमी राखणाऱ्या राज्यांसाठी १२·५ टक्के भारांशाचा स्वतंत्र निकष घातला.

स्थलांतर व अस्मितेचे राजकारण : जन्म-मृत्यूंपेक्षा स्थलांतराचे राजकीय परिणाम लवकर दृग्गोचर होतात. मुंबईत मराठी भाषिकांचे प्रमाण निम्म्याहून कमी असल्याचा आकडा संयुक्त महाराष्ट्राच्या विरोधकांनी मुंबई वेगळी ठेवण्यासाठी वापरला. उलट शहराचा भूगोल, पाणीपुरवठा व श्रमशक्ती महाराष्ट्राशी निगडित असल्याचे आंदोलकांनी दाखवून दिले. १९६० मध्ये मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले. परंतु रोजगारातील परप्रांतीयांच्या वाट्याचा प्रश्न उरला व १९६६ मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेने तो आपला प्रमुख कार्यक्रम केला.

आसाममध्ये मंगलदै लोकसभा मतदारसंघातील पोटनिवडणुकीच्या मतदारयाद्यांवरून १९७९ मध्ये परकीयांविरुद्ध आंदोलन उभे राहिले. त्यामुळे १९८१ ची जनगणना त्या राज्यात होऊ शकली नाही. फेब्रुवारी १९८३ मध्ये निवडणुकीच्या काळात नेल्ली परिसरात झालेल्या हत्याकांडात अधिकृत गणनेनुसार सु. १,८०० लोक मारले गेले. १५ ऑगस्ट १९८५ च्या आसाम करारान्वये २४ मार्च १९७१ नंतर आलेल्यांना परकीय मानण्याचे ठरले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय नागरिक नोंदवहीतून सु. १९ लाख अर्जदार वगळले गेले. परंतु तेवढ्याने वाद मिटला नाही. त्रिपुरात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांमुळे १९४१ मध्ये सु. निम्मे असलेले आदिवासींचे प्रमाण १९८१ मध्ये २८ टक्क्यांवर आले आणि स्वायत्त जिल्हा परिषदेची मागणी बळावली.

अंतर्गत स्थलांतराची बाजू निराळी आहे. मुंबई, सुरत वा दिल्ली येथे राबणारा श्रमिक जनगणनेत तेथे मोजला जातो, परंतु त्याचे नाव बहुधा गावच्या मतदारयादीत असते. परिणामी शहराच्या लोकसंख्येत तो असतो आणि शहराच्या राजकारणात नसतो.

धर्मनिहाय संख्येची भीतीही १९०९ पासून वेळोवेळी उसळत आली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १९९२-९३ ते २०१९–२१ या काळात मुसलमानांतील एकूण जननदर ४·४ वरून सु. २·४ वर व हिंदूंतील ३·३ वरून सु. १·९ वर आला. दोहोंतील अंतर घटत असून राज्य, शिक्षण व उत्पन्न यांनुसार पडणारा फरक धर्मानुसार पडणाऱ्या फरकाहून पुष्कळदा मोठा असतो.

उलटलेले वारे : १९९० नंतर अनेक राज्यांनी दोनहून अधिक अपत्ये असणाऱ्यांना पंचायत निवडणुकांसाठी अपात्र ठरविले. महाराष्ट्रातही सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यांच्या बाबतीत हा नियम लागू झाला. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये हरियाणाचा असा कायदा वैध ठरविला. तथापि त्यामुळे गरीब व दलित स्त्रिया राखीव जागांपासून वंचित झाल्याचे, तसेच गर्भपात व पत्नीत्याग यांसारखे प्रकार घडल्याचे अभ्यासकांनी नोंदविले. यथावकाश हरियाणासह काही राज्यांनी हे नियम मागे घेतले. आंध्र प्रदेशाने २०२४ मध्ये तो रद्द केला, तो मात्र जननदर फार घटल्याच्या चिंतेने. देशाचा एकूण जननदर २०१९–२१ मध्ये २·० वर, म्हणजे प्रतिस्थापन पातळीखाली आला होता. ज्या राज्यांनी ‘लहान कुटुंब’ हे ब्रीद मानले, त्यांचेच पुढारी अधिक अपत्यांचे आवाहन करू लागले. त्यामागे वृद्धांच्या वाढत्या संख्येइतकीच लोकसभेतील जागांची काळजी होती.

२०२१ ची नियोजित जनगणना कोविड-१९ च्या साथीमुळे लांबणीवर पडली व १८८१ पासूनच्या दशवार्षिक मालिकेत प्रथमच खंड पडला. जून २०२५ मध्ये निघालेल्या अधिसूचनेनुसार नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन निश्चित करण्यात आला. तीत सर्व जातींची गणना करण्याचा निर्णयही झाला. अशी गणना यापूर्वीच्या पूर्ण कोष्टकांसह १९३१ मध्ये झाली होती व मंडल आयोगाला इतर मागासवर्गांचे प्रमाण ठरविताना त्याच जुन्या आकड्यांचा आधार घ्यावा लागला होता. २०२३ च्या १०६व्या घटनादुरुस्तीने लोकसभा व विधानसभांत स्त्रियांना एक तृतीयांश जागा दिल्या, परंतु त्यांची अंमलबजावणी पुढील जनगणना व परिसीमन यांवर अवलंबून ठेवली.

पन्नास वर्षे पुढे ढकललेल्या प्रश्नात अशा रीतीने दोन न्याय्य दावे समोरासमोर येतात. राजस्थान वा बिहार येथील नागरिकाचे मत इतरांच्या मताइतकेच मोलाचे असावे, हा एक. आणि राष्ट्राने आखलेले धोरण निष्ठेने पाळणाऱ्या राज्याला त्याबद्दल दंड होऊ नये, हा दुसरा. कोणत्याही राज्याच्या जागा न घटविता लोकसभेची एकूण सभासदसंख्या वाढविणे, राज्यसभेला संघराज्याचे सभागृह म्हणून अधिक बळ देणे, असे पर्याय सुचविण्यात आले आहेत. मात्र एकूण जागा वाढल्या, तरी राज्यांचे सापेक्ष बळ बदलतेच; त्यामुळे केवळ गणिताने हा प्रश्न सुटणारा नाही. १९१६ च्या लखनौ करारापासून १९७६ च्या गोठवणापर्यंतचा इतिहास पाहता, संख्येला मुरड घालणारे समझोते काही काळ शांतता राखतात, पण मूळ विषमता दूर करीत नाहीत, असे दिसते. उलट, ज्या प्रदेशांत मुली शिकल्या व अर्भके जगली, तेथे सक्तीवाचून जननदर उतरला. शिक्षण व आरोग्य यांतील प्रादेशिक तफावत जसजशी कमी होईल, तसतसा संख्येच्या राजकारणाचा पायाही अरुंद होत जाईल.